जागच्या जागी दोन स्क्रू

१

रविवारी सकाळी इमारतीचा कॅमेराच चोरीला गेला.

चोर पकडायला लावलेला कॅमेरा चोरांनीच नेला, असं शिट्टीसाहेब तळमजल्याच्या पॅसेजमध्ये उभे राहून सगळ्यांना सांगत होते. सांगून दम लागला की गळ्यातली शिट्टी फुंकत होते. ते इमारतीचे सेक्रेटरी. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वस्तू जागच्या जागी हवी हे त्यांचं ब्रीद. पॅसेजमध्ये जिथे तिथे त्यांच्या वळणदार अक्षरातल्या चिठ्ठ्या डकवलेल्या असत. ‘दार हळू लावा.’ ‘येथे चपला काढू नयेत.’ विजेच्या बटणांच्या पट्टीवर तर एका बटणाला रुंद चिकटपट्टी लावून वर लिहिलेलं होतं: ‘कॅमेरा. हे बटण बंद करू नये.’

“मंगळवारी आजींची चाकांची खुर्ची गेली, आज कॅमेरा गेला. उद्या काय, आपली मुलं जायची वाट बघायची?” साहेब गरजले.

‘मुलं’ म्हटल्यावर सगळ्यांच्या माना चिमीच्या आईकडे वळल्या. कडेवर चिमी होती, आणि चिमी तिचा कानातला डूल चावायचा मनापासून प्रयत्न करत होती.

चिमी व्हायच्या आधी ती एका विमा कंपनीत नुकसान तपासनीस होती. घरफोडी झाली, दुकान जळलं, की तिथे जाऊन जे सांगितलं जातंय ते आणि जे दिसतंय ते ताडून बघायचं, हे तिचं काम. आता सुट्टीवर होती. इमारतीत तिला सगळे ‘चिमीची आई’ म्हणत आणि त्या नावाच्या माणसाला डोकं असतं हे विसरून जात.

“चोर कोण ते आपल्याला ठाऊक आहे,” साहेब म्हणाले. “आज संध्याकाळी सभा आहे. त्याचं टेबल इथून कायमचं हलणार म्हणजे हलणार.”

टेबल इस्त्रीवाल्या काकांचं होतं. इमारतीच्या दाराशेजारी, वळचणीखाली. गेली कित्येक वर्षं ते तिथे उभं होतं. आज ते रस्त्यापलीकडे पाय वर करून पडलं होतं.

चिमीने तेवढ्यात मान उंच करून भिंतीकडे बोट दाखवलं आणि तोंड वाकडं केलं. तिचा लाडका लाल दिवा तिथे नव्हता. आईने लेकीच्या बोटामागे पाहिलं. भिंत रिकामी होती. पण कॅमेरा जिथे होता तिथे दोन स्क्रू चमकत होते, पुन्हा आपापल्या भोकांत नीट पिळून बसवलेले.

तिच्या कपाळावर आठी पडली. चोर कॅमेरा नेतो, हे एक वेळ समजू शकतं. पण स्क्रू परत लावून जातो?

२

आधी ती आजींकडे गेली. आजी दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. गुडघे गेलेले. लिफ्ट एवढी अरुंद की खुर्ची आत मावत नसे, म्हणून ती पॅसेजमध्येच असायची. संध्याकाळी आजी लिफ्टने खाली येत, खुर्चीत बसत आणि दारातून जाणाऱ्या-येणाऱ्याची चौकशी करत. मंगळवारपासून त्या खाली आल्या नव्हत्या.

“अगं, माझी निळी गादी होती गं त्यावर. मी विणलेली. चोराच्या काय बुडाला ऊब हवी होती?” आजी म्हणाल्या. मग त्यांनी चिमीला मांडीवर घेतलं. “खुर्चीचं नाही मला एवढं. पण काकाचं नाव घेतायत. लिफ्ट बंद पडली होती तेव्हा या माणसाने मला पाठुंगळी आणलंय वरपर्यंत. मी सांगायला गेले तर साहेब म्हणतात, आजी, तुम्ही भोळ्या आहात. मी म्हातारी आहे, भोळी कधी झाले?”

पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर दार अर्धवटच उघडून बोलले. त्यांच्या दाराला आता तीन कड्या होत्या आणि चौथी बसवायला माणूस येणार होता.

“हा भाग बिघडलाय, वहिनी. रात्री पान हललं तरी मी उठून बसतो.”

“आपल्याकडे याआधी चोरी कधी झाली होती, डॉक्टर?”

“झाली नव्हती, म्हणूनच तर भीती वाटते! आणि त्या इस्त्रीवाल्याला मी स्वतः पाहिलंय. गेल्या महिन्यात कॅमेऱ्याखाली उभा राहून भिंत चाचपत होता. शिवाय माणूस कामात किती बेजबाबदार! मंगळवारी संध्याकाळी माझे कोट द्यायचे होते. दिलेच नाहीत. बुधवारी चुरगळलेला कोट घालून गेलो दवाखान्यात. पेशंटने तोंडच उघडलं नाही.”

“मंगळवारी तुम्ही घरी होतात?”

“छे. सकाळी लवकर जातो, अंधार पडताना येतो. साहेबही तसेच, बँकेतून माझ्याच बसने येतात. दिवसभर इमारत वाऱ्यावर असते, कळतंय ना?”

वाऱ्यावर. म्हणजे ती, चिमी आणि आजी या तिघी वारा. तिने ओठ दाबून धरले.

तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंचं मत अगदी उलट होतं. त्यांनी दार सताड उघडलं. ते तसंही उघडंच असायचं.

“भीतीचा धंदा आहे सगळा. मी कधी येते, कधी जाते, हे त्या साहेबाने का बघावं? हे डबडं मी उपटून फेकेन, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले होते.”

“मग फेकलंत?”

“तू खरंच विचारतेयस?” वकीलबाई क्षणभर दुखावल्या, मग हसल्या. “बरोबर आहे, विचारायलाच हवं. नाही, मी नाही. अगं, मला तर ते हवं होतं! साहेब म्हणाला ना, मी रेकॉर्डिंग पाहिलंय, इस्त्रीवाला खुर्ची ढकलत नेताना दिसतोय म्हणून? मी म्हटलं, दाखव रविवारच्या सभेत. आणि रविवारीच कॅमेरा गेला. रेकॉर्डिंग म्हणे कॅमेऱ्यातल्याच कार्डात होतं. काय पण योग जुळून आला!”

“योग नाही जुळत इतका,” चिमीची आई म्हणाली.

“तेच. पण सगळे काय म्हणणार? पुरावा मिटवायला इस्त्रीवाल्यानेच नेला.”

आणि तसंच म्हणत होते सगळे. इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये साहेबांच्या निरोपाखाली डझनभर अंगठे उमटले होते.

३

काका आपल्या उलट्या टेबलाजवळ, कपड्यांच्या गाठोड्यावर बसले होते. गाठोडं इमारतीतल्याच कपड्यांचं. घड्या घालून झालेल्या, पण पोचवायला दारातून आत जायची बंदी.

“या. चहा विचारला असता, पण किटली पण आतच राहिलीय.”

“काका, मंगळवारी दुपारी तुम्ही आत आला होतात?”

“मंगळवारी मी आलोच नव्हतो. दिवसभर वीज नव्हती इथे. इस्त्री काय फुंकर मारून तापवू?”

ती थबकली. खरंच की. मंगळवारी तारांची दुरुस्ती होती. सकाळपासून पार दुपार सरेपर्यंत पंखे बंद, लिफ्ट बंद. चिमी घामाने कावली म्हणून तिला घेऊन ती जिन्याने खाली उतरली होती. काकांची जागा रिकामी होती, तीही तिने पाहिली होती. म्हणून तर डॉक्टरांचे कोट राहिले!

“मग हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?”

“कुणाला सांगू?” काका पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. “मला तुमच्या ग्रुपमध्ये घेतलेलं नाही. माझा फोटो आहे त्यात, मी नाही. खाली लिहिलंय, ‘या इसमापासून सावध.’ इसम! एवढी वर्षं यांच्या कॉलरी सरळ केल्या आणि मी इसम. तो फोटो फिरत फिरत माझ्या मुलीच्या हॉस्पिटलात पोचला. नर्स आहे ती. तिने फोन करून विचारलं, बाबा, हे तुम्हीच का? सांगा, काय उत्तर देऊ?”

तिला राग आला. त्या फोटोखाली तिच्या घरातूनही अंगठा गेला असेल का, या विचाराने तो आणखी चढला. नवऱ्याला विचारायचं तिने मनात टिपून ठेवलं.

“आणि कॅमेऱ्याखाली भिंत चाचपत होतात, ते?”

“बटण शोधत होतो. टेबलावरचा बल्ब कधीचा लागत नाही. साहेबांना सांगून सांगून जीभ झिजली. नवा बल्ब स्वतः आणून बसवला, तरी नाही. सांजेला कपड्यावरचा डाग दिसत नाही, मग बोलणी मीच खातो. तेवढ्यात डॉक्टर आले आणि असे बघायला लागले, जशी मी भिंतच न्यायला आलोय.”

चिमीने काकांचा अंगठा धरून ठेवला होता. तो सोडवून घेताना आईला मंगळवारचं काहीतरी आठवलं. काळोखा पॅसेज. चिमीचं इवलं बोट वर गेलेलं. आणि तिच्या तोंडून आलेला तो शब्द, आयुष्यातला पहिला.

ती तिथेच, रस्त्याच्या कडेला, उभी राहिली. म्हणजे कॅमेऱ्याचं कोडं सुटलं होतं. पण मग खुर्ची? खुर्ची कुणी नेली?

४

खुर्ची सापडली ती चिमीच्या झोपेमुळे. दुपारी बाबागाडीत बसवून फेऱ्या मारल्याशिवाय चिमीचा डोळा लागत नसे. त्यांची इमारत आणि शेजारची इमारत एकाच साच्यातून काढलेल्या. तेच फाटक, तोच रंग, तोच पॅसेज. नवीन माणूस हमखास चुकायचा. बाबागाडी ढकलत ती शेजारच्या दारावरून गेली, चार पावलं पुढे गेली आणि उलटी आली.

आत जिन्याखाली एक चाकांची खुर्ची घडी घालून ठेवलेली होती.

आजींची नव्हती. ही नवी होती, पाठीवर भाड्याने साहित्य देणाऱ्या दुकानाचा शिक्का. पायरीवर बसून पेपर वाचणाऱ्या काकूंनी तिची नजर ओळखली.

“आमच्या ह्यांची. पाय मोडला होता ना, प्लास्टर निघालं. मंगळवारी दुकानवाले न्यायला येणार होते. आलेच नाहीत मेले. फोन केला, तर म्हणतात, नेली की! मी म्हटलं, अरे बाबा, माझ्या डोळ्यांसमोर आहे. तर म्हणतात, मावशी, नीट बघा. माझ्याच डोळ्यांवर शंका!”

“काकू,” ती म्हणाली, आणि चिमी जागी होऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाली, “त्या दुकानाचा नंबर द्याल?”

दुकानातला माणूस आधी भांडला. मग गोदामात जाऊन आला आणि नरम झाला. हो, एक खुर्ची आहे, त्यांच्या शिक्क्याची नाही. पोऱ्या म्हणाला, दारावरची घंटा वाजेना, खुर्ची समोरच होती, म्हणून घेऊन आला. आणि हो, तिच्यावर एक गादी आहे.

“निळी?”

“निळी. विणलेली.”

ती भर रस्त्यात हसली आणि मग तिचे डोळेच भरून आले. वीज नव्हती म्हणून घंटा वाजली नाही. एवढंच. चोरी झालीच नव्हती. चुकलेला एक पोऱ्या आणि बंद पडलेली एक घंटा. एवढ्यावरून एका माणसाचं पोट रस्त्यावर उलटं टाकलं होतं.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. “अंगठा दिला होता मी. न वाचता. पण आता खुर्ची मिळाली ना? तेवढं सांग आणि सोड. साहेबांना कशाला दुखवायचं? आपल्याला इथेच राहायचंय.”

“हो ना,” ती म्हणाली. “म्हणूनच.”

५

सभा पॅसेजमध्येच भरली. ऊन उतरत होतं. काकांना दाराबाहेर उभं केलेलं. आजी लिफ्टजवळ डॉक्टरांच्या स्टुलावर टेकलेल्या. शिट्टीसाहेबांनी ठराव वाचायला घेतला, तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला आणि निळ्या गादीसकट आजींची खुर्ची खाली उतरली.

गोंधळ शमायला वेळ लागला. दुकानवाल्याने माफी मागितली, आजींनी गादी उलटीपालटी करून बघितली आणि खुर्चीत बसल्या. जशा काही महाराणीच.

“ठीक आहे,” साहेब घसा साफ करत म्हणाले. “खुर्चीबाबत गैरसमज झाला असेल. पण कॅमेऱ्याची चोरी तर—”

“साहेब,” चिमीची आई म्हणाली. “खुर्ची दुकानाच्या पोऱ्याने नेली. मग तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये इस्त्रीवाल्या काकांना ती नेताना कसं पाहिलंत?”

साहेबांनी हातातला ठरावाचा कागद उलटा केला.

“म्हणजे... तसाच दिसणारा माणूस होता. हातात इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं होतं.”

“मंगळवारी इमारतीत वीज नव्हती. इस्त्री झालीच नाही. डॉक्टर, तुमचा कोट आठवतोय?”

डॉक्टरांनी तोंड उघडलं, अगदी त्यांच्या पेशंटने उघडायला हवं होतं तसं. “अरे हो की!”

“तुम्ही दिवसभर बँकेत होतात, साहेब. वीज गेल्याचं तुम्हाला कळलंच नाही. आम्हाला कळलं, कारण आम्ही वाऱ्यावर घरी होतो.” डॉक्टरांनी नजर खाली घातली. “त्या दुपारी मी चिमीला घेऊन इथे आले. काळोख होता. आणि तिने त्या कॅमेऱ्याच्या दिव्याकडे बोट दाखवून म्हटलं, ‘दि!’ तिचा पहिला शब्द आहे तो, मी जन्मात विसरणार नाही. दिवा लुकलुकत होता. वीज नसताना. साहेब, तुमचा कॅमेरा चालायचा कशावर?”

“त्याला... आत बॅटरी असते.”

“मग हे काय?” तिने बटणांची पट्टी दाखवली. “‘कॅमेरा. हे बटण बंद करू नये.’ बॅटरीच्या कॅमेऱ्याला बटण कशाला? आणि विजेचा होता, तर वायर कुठे आहे? चोर वायर कापतो, तिचा तुकडा लोंबत राहतो. निदान भिंतीला वायरीचं भोक तरी राहतं. या भिंतीत भोकं दोनच आहेत, आणि त्यांत स्क्रू आहेत. नीट परत पिळून बसवलेले. मी पुष्कळ चोऱ्या तपासल्या. वस्तू काढून नेल्यावर स्क्रू जागच्या जागी लावणारा चोर मला अजून भेटला नव्हता.”

कुणीतरी खुदकन हसलं. जागच्या जागी. इमारतीतल्या पोरासोरांनाही ते शब्द कुणाचे ते ठाऊक होतं.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी शिट्टी हातात घेतली, पण फुंकली नाही.

६

“मीच काढला. खेळण्यातला होता,” शेवटी ते म्हणाले. “दुकानात तसेच मिळतात, नुसता दिवा असलेले. खरा महाग होता. उरलेले पैसे इमारतीच्याच खात्यात आहेत, मी एक दमडी घेतली नाही! आणि उपयोग झाला की नाही? लाल दिवा बघून माणसं घाबरायची. घाबरतात म्हणून गुन्हे होत नाहीत. त्यालाच सुरक्षा म्हणतात!”

“चोर घाबरला का ते माहीत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “डॉक्टर मात्र चौथी कडी बसवतायत.”

“पण मग पाहिलं असं का म्हणालात?” आजींनी खुर्ची पुढे सरकवली. “कॅमेऱ्यात काही नव्हतं, तर काकाचं नाव तुमच्या तोंडात कुठून आलं?”

उत्तर सगळ्यांना कळलं होतं आणि ते ऐकायला कुणालाच बरं वाटलं नसतं. खुर्ची गेल्यावर सगळ्यांनी विचारलं, कॅमेऱ्यात काय दिसलं? काहीतरी दिसायलाच हवं होतं. आणि ज्याला ग्रुपमध्ये बोलता येत नाही, असा दारात एकच माणूस होता.

चिमीच्या आईला वाटलं होतं, इथवर आल्यावर राग निवेल. उलट तो वाढलाच. “अंगठे आपण दिले,” ती म्हणाली. “एकानेही दार उघडून काकांना विचारलं नाही. आणि आपण म्हणे सुरक्षिततेवर सभा घेतो!”

डॉक्टर उठले, बटणांच्या पट्टीशी गेले आणि ती चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. बहुधा हातांना काहीतरी काम हवं होतं म्हणून.

“अहो, हे तर बंदच आहे,” ते म्हणाले. “बंद करू नये लिहिलंय आणि बटण मुळात बंद!” आणि त्यांनी ते दाबलं.

बाहेर, वळचणीखाली, बल्ब लागला.

काका मागे वळले. पिवळा उजेड फरशीच्या एका रिकाम्या चौकोनावर पडला होता. तिथे टेबलाच्या चार पायांच्या चार खुणा होत्या. कित्येक महिने ते अंधारात डोळे फोडत होते आणि बटण इथे, एका खोट्या कॅमेऱ्याच्या नावाखाली, दाबून ठेवलं होतं.

“काका, या, टेबल आणूया,” डॉक्टर घाईने म्हणाले. “झालं गेलं...”

“नाही,” काका म्हणाले. “आधी लिहा. जिथे माझा फोटो टाकला तिथे. मग टेबल आणायचं की नाही ते मी ठरवेन.”

साहेबांनी फोन काढला. बराच वेळ अंगठा हलत राहिला. वकीलबाईंनी खांद्यावरून डोकावून वाचलं.

“‘काही गैरसमज झाला होता.’ खोडा ते. गैरसमज नव्हता. ‘मी खोटं बोललो’ असं लिहा. तुमचं अक्षर सुंदर आहे, दिसेल छान.”

साहेबांनी लिहिलं. पॅसेजमधले सगळे फोन एकदम वाजले. काकांचा वाजला नाही. चिमीच्या आईने आपल्या फोनवरून तो निरोप त्यांना पाठवला. काकांनी तो दोनदा वाचला आणि सगळ्यात आधी मुलीला धाडला. मग फोन खिशात टाकून रस्ता ओलांडला. टेबलाचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं चिमीच्या बाबांनी. मान खाली घालून.

बल्बखाली टेबल उभं राहिल्यावर काकांनी गाठोडं सोडलं. डॉक्टरांचे कोट, आजींचं लुगडं, चिमीची अंगडी, एकेकाच्या हातात दिलं. तळाशी साहेबांचे पांढरे शर्ट होते, कडक, घड्या घातलेले. तेही त्यांनी दोन्ही हातांनी नीट पुढे केले.

“हे शेवटचे, साहेब. यापुढे तुमचे घेणार नाही.”

“अहो काका, माफी मागितली ना!”

“मागितलीत. म्हणून टेबल परत आणलं.” काकांनी वर बल्बकडे बघितलं. “शर्ट मात्र तुमचे तुम्ही करा.”

पुढच्या आठवड्यात शिट्टीसाहेब बँकेत निघाले, की आजी निळ्या गादीवरून त्यांना आपादमस्तक न्याहाळत. कॉलर एका बाजूला, पाठीवर चुण्याच चुण्या. एवढं दिसायला इमारतीला कुठल्याच कॅमेऱ्याची गरज पडली नाही.